आधी पीक, मग बांध : लिनक्सवर एलव्हीएमचा व्हॉल्यूम लहान करताना

जळगावकडच्या एखाद्या जिनिंगच्या ऑफिसातला सर्व्हर धरा. 'गोदाम' हा व्हॉल्यूम ग्रुप, म्हणजे एलव्हीएमने (लिनक्समध्ये डिस्कची जागा वाटून देणारी व्यवस्था) एकत्र बांधलेली जागा. त्यात 'कापूस' हा लॉजिकल व्हॉल्यूम २०० जीबीचा, पण भरलाय जेमतेम ४५. शेजारचा 'केळी' मात्र काठोकाठ. कापसाचा १२० वर आणून उरलेले ८० जीबी केळीला द्यायचे आहेत. (कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप इंग्रजी अक्षरांतच करायच्या; '-एल' आणि 'रिसाइझ२एफएस'चा '-पी' मोठ्या अक्षरात (L, P), बाकी पर्याय लहान अक्षरात. व्हॉल्यूमची नावंही तशीच, एलव्हीएमला देवनागरी चालत नाही.)

लॉजिकल व्हॉल्यूम म्हणजे बांध, फाइलसिस्टीम (आतल्या फायलींची मांडणी) म्हणजे आतलं पीक. बांध आत घ्यायचा तर त्या पट्ट्यातलं पीक आधी उचलावं लागतं. वाढवताना उलट : आधी बांध, मग पेरा. पीक कुठवर उभं आहे याच्याशी बांधाला देणंघेणं नसतं. नव्या आवृत्त्या चुकीच्या आकाराला अडवतात, जुन्या फक्त इशारा देऊन 'वाय' की 'एन' विचारतात. त्या अडवण्याच्या भरवशावर राहू नका.

'एलएसबीएलके -एफ'ने फाइलसिस्टीम कोणती ते बघा. एक्सएफएस निघाली तर हा रस्ता तिथेच संपला, कारण ती वाढते पण आकसत नाही. डेटा बाहेर काढा, व्हॉल्यूम नव्याने लहान करा, डेटा परत भरा. ईएक्सटी४ आकसते, पण अनमाउंट (वापरातून सोडवलेली) असतानाच. रूट व्हॉल्यूम (ज्यावर खुद्द लिनक्स आहे तो) असेल तर लाइव्ह यूएसबीवरून बूट करून व्हॉल्यूम चालू करायला 'व्हीजीचेंज -एवाय' द्यावं लागतं.

बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्या. त्याच ग्रुपातला स्नॅपशॉट (त्या क्षणाची टिपलेली अवस्था) म्हणजे बॅकअप नव्हे. आणि यूपीएसची बॅटरी आधी तपासा. भर उन्हाळ्यात, पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना दुपारी लाइट गेली आणि फाइलसिस्टीम ब्लॉक हलवत असली, तर खेळ अवघड. एलव्हीरिड्यूस (व्हॉल्यूम लहान करणारी कमांड) क्षणात होतं, वेळखाऊ आणि नाजूक काम फाइलसिस्टीम आकसण्याचं असतं.

आता क्रम :

१. 'यूमाउंट'. व्यस्त म्हणून नकार आला तर 'फ्यूजर -व्हीएम'ने कोण अडकलंय ते दिसतं, बहुतेकदा कुणाचं तरी उघडं टर्मिनल.
२. 'ई२एफएससीके -एफ /डेव्ह/गोदाम/कापूस', म्हणजे फाइलसिस्टीमची तपासणी. हे टाळता येत नाही, पुढची कमांड त्याशिवाय हलत नाही.
३. 'रिसाइझ२एफएस /डेव्ह/गोदाम/कापूस ११५जी', ही फाइलसिस्टीम आकसते. मुद्दाम १२० पेक्षा ५ कमी. किती खाली जाता येईल हे आधी 'रिसाइझ२एफएस -पी' सांगतं, उत्तर ब्लॉकांत येतं आणि ब्लॉक सहसा ४ केबीचा असतो.
४. 'एलव्हीरिड्यूस -एल १२०जी /डेव्ह/गोदाम/कापूस'.
५. आकडा न देता पुन्हा 'रिसाइझ२एफएस', म्हणजे फाइलसिस्टीम १२० च्या बांधापर्यंत पसरते.
६. पुन्हा 'ई२एफएससीके -एफ', मग माउंट.

सगळ्यात महाग चूक चौथ्या पायरीवरच्या वजा चिन्हाची. '-एल १२०जी' म्हणजे '१२० कर'. '-एल -१२०जी' म्हणजे '१२० काढून टाक', हाती ८० उरतात आणि फाइलसिस्टीम ११५ ची. शेवटचा ३५ जीबीचा पट्टा बांधाबाहेर गेला. एंटर दाबण्याआधी ती ओळ मोठ्याने वाचा, लाज वाटू देऊ नका.

'एलव्हीरिड्यूस -आर -एल १२०जी' हे फाइलसिस्टीम आणि व्हॉल्यूम दोन्ही एकदम सांभाळतं. रोजच्या कामाला तेच बरं. पण एकदा तरी हाताने करून पाहा, -आर मध्येच थांबलं तर कुठे थांबलं ते कळायला हवं.

बांध चुकून जास्त आत गेला तर माउंट करू नका आणि दुरुस्तीचं एफएससीकेही चालवू नका, ते उरलंसुरलं बिघडवतं. एलव्हीएम प्रत्येक बदलाआधी व्हॉल्यूम कुठे-किती याचा जुना नकाशा /ईटीसी/एलव्हीएम/आर्काइव्हमध्ये ठेवतं. 'व्हीजीसीएफजीरिस्टोअर --लिस्ट गोदाम'ने बदलाआधीची फाइल शोधा, 'एलव्हीचेंज -एएन'ने व्हॉल्यूम बंद करा, 'व्हीजीसीएफजीरिस्टोअर -एफ'ला ती फाइल आणि ग्रुपचं नाव देऊन नकाशा परत आणा, व्हॉल्यूम चालू करा आणि 'ई२एफएससीके -एन'ने नुसतं वाचून बघा.

हे जमतं ते सुटलेल्या जागेवर कुणी काही लिहिलेलं नसेल तोवर, आणि एलव्हीएमच्या कॉन्फिगमध्ये 'इश्यू_डिस्कार्ड्स' (सुटलेली जागा रिकामी झाल्याचं डिस्कला कळवणारी सेटिंग) शून्य असेल तर. मुळात ते शून्यच असतं. म्हणून केळीला 'एलव्हीएक्स्टेंड -आर -एल +८०जी' द्यायची घाई नको. कापसावर एक दिवस नेहमीचं काम चालू द्या, बिलं उघडून बघा, मग ती जागा वाटा.