टर्बो इंजिनचा बूस्ट कंट्रोल व्हॉल्व्ह कसा काढावा

चाळीसगावकडून कन्नडचा घाट चढताना गाडीचा दम अचानक जातो, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि गाडी बंद करून पुन्हा सुरू केली की ती काही काळ नीट पळते, अशी तक्रार टर्बो गाड्यांबाबत वारंवार ऐकू येते. अशा वेळी टर्बोच (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारा भाग) गेला असे धरून मोठ्या खर्चाला हात घालण्यापूर्वी बूस्ट कंट्रोल व्हॉल्व्ह, ज्याला आपल्याकडच्या गॅरेजांत सरसकट ‘टर्बोचा सोलेनॉईड’ म्हणतात, तो काढून तपासावा.

हा व्हॉल्व्ह म्हणजे दोन पिनांचा कपलर (वायरींचा जोड) आणि बहुधा तीन नळ्यांची तोंडे असलेली, मुठीत मावेल एवढी वस्तू. पेट्रोल इंजिनात टर्बोने निर्माण केलेल्या दाबातील किती हवा वेस्टगेटच्या (जादा एक्झॉस्ट टर्बोला वगळून सोडणाऱ्या झडपेच्या) ॲक्च्युएटरकडे, म्हणजे ती झडप हलवणाऱ्या भागाकडे, जावी आणि किती परत इनटेककडे (हवा आत घेणाऱ्या पाईपकडे) सोडावी, हे तो ईसीयूच्या (इंजिन चालवणाऱ्या संगणकाच्या) हुकमाने सेकंदाला अनेक वेळा उघड-झाप करून ठरवतो. बऱ्याच डिझेल इंजिनांत तो दाबाऐवजी व्हॅक्यूम पंपाच्या ओढीवर चालतो. काही साध्या टर्बो इंजिनांत हा व्हॉल्व्ह नसतोच, म्हणून आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये तो आहे का आणि कुठे आहे हे आधी पाहून घ्यावे.

स्कॅनर लावून कोड वाचल्याशिवाय पाना हातात घेऊ नये. पी ०२४३ हा कोड व्हॉल्व्हच्या विद्युत मंडलातील दोष सांगतो, पी ०२९९ दाब कमी पडल्याचा असतो आणि पी ०२३४ दाब प्रमाणाबाहेर गेल्याचा. यांतील पी ०२९९ एकट्याने व्हॉल्व्हला दोषी ठरवत नाही, कारण फाटलेल्या नळीनेही तोच कोड येतो. गहू-हरभऱ्याची काढणी झाली की रानातले उंदीर आसऱ्याला बॉनेटखाली शिरतात, आणि त्यांनी कुरतडलेली नळी हे दुखण्याचे कारण असेल तर व्हॉल्व्ह काढण्याची गरजच उरत नाही.

इंजिन पूर्ण थंड हवे. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात सावलीतही ४२ अंशांच्या पुढे पारा जातो, तेव्हा तासभर उभी ठेवलेली गाडीसुद्धा टर्बोच्या एक्झॉस्ट बाजूला हात भाजवते; म्हणून हे काम सकाळी, गाडी सुरू करण्यापूर्वी करणे उत्तम. बॅटरीचे ऋण टर्मिनल १० नंबरच्या पान्याने सुटे करावे, वरचे प्लास्टिकचे कव्हर आणि आड येत असल्यास एअर फिल्टरचा पाईप काढून ठेवावा, आणि खाली जाडसर फडके पसरावे, म्हणजे निसटलेला बोल्ट इंजिनखालच्या पत्र्यात हरवत नाही.

खरे काम नळ्यांचे आहे. प्रत्येक नळीला आणि तिच्या तोंडाला एकाच रंगाची चिकटपट्टी लावावी. केवळ मोबाईलच्या फोटोवर विसंबू नये. मी एकदा विसंबलो होतो. फोटो वरून काढलेला, त्यात एक नळी दुसरीच्या आड गेलेली, आणि जोडताना ॲक्च्युएटरची व इनटेकची नळी अदलाबदल झाली. ॲक्च्युएटरला दाबच न पोहोचल्याने वेस्टगेट बंद राहिले, दाब वाढत गेला आणि जालना रस्त्यावर गाडी हिसके देऊ लागली, कारण इंजिन वाचवण्यासाठी ईसीयू इंधन तोडत होता.

कपलरची खिट्टी दाबूनच तो ओढावा. वायरीला धरून ओढू नये. नंतर स्प्रिंगची क्लिप पकडीने दाबून नळीवर मागे सरकवावी. एकदाच वापरायची दाबलेली क्लिप असल्यास ती कापावी लागते, म्हणून त्याच मापाच्या नव्या क्लिपा आधीच आणाव्यात. नळी सरळ ओढण्याऐवजी आधी डावी-उजवीकडे पिळावी आणि ती तोंडावर फिरू लागली की मगच हळूहळू बाहेर घ्यावी. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तोंडाचे प्लास्टिक ठिसूळ झालेले असते. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटले की ते कट् करून तुटते आणि तुकडा नळीतच अडकतो. हट्टी नळीवर गरम पाण्यात भिजवलेले फडके मिनिटभर गुंडाळावे. तरीही न सुटल्यास आणि नवी नळी हाताशी असल्यास तिला ब्लेडने लांबीच्या दिशेने चीर द्यावी. फवारणी पंपाची नळी त्याजागी बसवण्याचा मोह मात्र टाळावा, कारण ती उष्णतेने मऊ पडते आणि व्हॅक्यूमखाली चपटी होते.

आता व्हॉल्व्ह धरणारे एक-दोन बोल्ट सोडवावेत किंवा तो रबरी पट्टीत असल्यास सरकवून बाहेर काढावा. उघड्या नळ्यांची तोंडे स्वच्छ प्लास्टिकच्या टोपणांनी झाकावीत. कापूस आपल्याकडे घरोघर असला तरी त्याचे बोळे घालू नयेत. मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणाऱ्या कॉम्प्रेसरच्या वाटेत तंतू जाऊ देणे परवडणारे नाही.

काढलेल्या व्हॉल्व्हच्या दोन पिनांमधील रोध मल्टिमीटरने मोजावा. तो साधारणपणे १५ ते ३५ ओहमच्या दरम्यान असतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळतो. मीटर अनंत दाखवत असेल तर आतील कॉइल तुटलेली आहे. त्यानंतर ५ ॲम्पिअरचा फ्यूज मध्ये घालून क्षणभर १२ व्होल्ट द्यावेत. ‘टक’ आवाज आला म्हणून व्हॉल्व्ह निर्दोष ठरत नाही: एका तोंडाला स्वच्छ नळी लावून फुंकावे आणि वीज देताच हवेची वाट बदलते का ते पाहावे. डिझेलच्या व्हॉल्व्हला हवा घेण्यासाठी छोटा फिल्टर असतो. काळ्या मातीच्या धुळीने तो बुजला असेल तर कधीकधी सारा दोष तेवढाच असतो. आत तेल शिरलेला व्हॉल्व्ह पेट्रोलने धुऊ नये, त्याने रबर फुगते. माझ्या मते तो बदलणेच शहाणपणाचे.

नवा घेताना जुन्यावरील पार्ट नंबर अक्षरशः जुळवावा. बसवताना प्लास्टिकवरचे बोल्ट हलकेच आवळावेत, कोड पुसावेत आणि इंजिन सुरू करून नळ्यांजवळ ‘सुस्स’ असा आवाज येत नाही ना, हे ऐकावे. नवा व्हॉल्व्ह बसेपर्यंत नळ्या मोकळ्या ठेवून किंवा एकमेकींना जोडून गाडी चालवू नये. पहिली चाचणी सपाट रस्त्यावर घ्यावी, घाट नंतर.