अॅसिड किडा अंगावर बसला की लोक काय घोळ घालतात, या चुका टाळा

पावसाळ्यात गगनबावडा, राधानगरी भागात भाताच्या खाचराला लागून घर असलं की रात्री ट्यूबलाइटभोवती मुंगीसारखा दिसणारा, काळं डोकं, केशरी अंग, मधे निळसर हिरवा पट्टा असा ७ ते १० मिलिमीटरचा किडा दिसतो, हाच तो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे डास मारल्यासारखी चापट. अहो, हा चावत नाही आणि नांगीही मारत नाही, त्याच्या रक्तातच पेडेरिन नावाचं विष असतंय (तेही त्याच्या अंगातले जिवाणू बनवतात, किडा स्वतः नाही) आणि तुम्ही चिरडला की ते सगळं कातडीवर. फुंकर मारा नाहीतर कागदावर चढू द्या, विषय संपला. चिरडलाच तर लगेच साबण-पाण्यानं धुवा, कारण आग तेव्हाच होत नाही, दुसऱ्या दिवशी वगैरे लाल पट्टा उठतो, मग फोड, आणि तोवर किडा कुणाच्या लक्षातही नसतो.

मग घरातलं कुणीतरी म्हणतंय नागीण झाली, काव लावा. नागीण बहुतेक वेळा अंगाच्या एकाच बाजूला उठते. हे उघड्या भागावर उठतं, आणि कोपराच्या घडीत चिरडला असेल तर दोन्हीकडं सारखाच डाग, ही खूण नीट बघा. डॉक्टरला किड्याचं सांगा, ते सहसा स्टिरॉइडचं मलम देतात, पण मनानंच मेडिकलमधून आणून चोळू नका.

२०२२ मधे सिक्कीमच्या बातम्यांत 'नैरोबी माशी' (नाव माशी, पण असलाच किडा) आली आणि बरेच जण समजले की आफ्रिकेतनं नवीन काहीतरी घुसलंय. पूर्व आफ्रिकेतल्या जाती वेगळ्या. याच कुळातली पेडेरस फुसिपेस ही जात ब्रिटनपासून मध्य आशिया, भारत, जपान ते पार ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेली, म्हणजे आपल्याकडं पाहुणी नव्हेच. आणि ती खाते काय, तर भातावरचे तुडतुडे, मावा! घाबरून खाचरात फवारणी केली की शिकारीच मरतो आणि तुडतुड्यांचं फावतं. त्यापेक्षा संध्याकाळी खिडक्या लावा, नको ते दिवे बंद ठेवा, मच्छरदाणी बांधा.

एक राहिलं, किडा हाताला लागला असेल तर डोळा अजिबात चोळू नका, लागलंच तर भरपूर पाण्यानं धुऊन सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडं जा.