गावातल्या नाट्यगृहासाठी पालिकेकडून पैसे कसे मिळवायचे

पहिली गोष्ट म्हणजे "कलेला प्रोत्साहन द्यावे ही विनंती" असं निवेदन देऊ नका. आम्ही दोन वर्षं तेच दिलं, साहेबांनी वाचलं, छान म्हणाले, फोटो निघाला आणि कागद कुठल्या फाईलला लागला कुणाला माहीत. त्यात नेमकं करायचं काय हेच नव्हतं ना!

आमच्या नाट्यगृहात लेडीज मेकअप रूमच्या बाथरूमला आतून कडी नव्हती आणि नळाला पाणी नव्हतं. प्रयोगाच्या दिवशी मुली नऊवारी सावरत रस्ता ओलांडून समोरच्या काकूंकडे जायच्या, इकडे दुसरी घंटा व्हायची आणि कुणीतरी एकीला बोलवायला पळायचं. तिसऱ्या वर्षी आम्ही फक्त एवढंच लिहिलं. कडी, नळ, पाण्याची टाकी, सोबत चार फोटो. ते काम झालं, आणि मग कळलं की मागायचं कसं.

तर एका रविवारी वही घेऊन नाट्यगृहात फिरा, बरोबर तुमचा लाईटवाला आणि नेपथ्यवाला हवाच, कारण वायरिंग कुठे उघडं आहे, कुठला स्पॉट बंद आहे, विंगेत कुठली फळी हलते हे त्यांना तोंडपाठ असतं. यादी मोठी होईल, पण निवेदनात तीनच कामं टाका आणि पहिलं सुरक्षेचं ठेवा. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं, ज्यांचं नाव त्याला दिलंय त्या गायक-नट केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभं केलेली वास्तू. आपल्याकडचं फायर ऑडिट शेवटचं कधी झालं हा प्रश्न विचाराच, लाजू नका.

ही माहिती आरटीआयने मिळते. अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर ठेवा, महाराष्ट्रात तसा नियम आहे, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. गेल्या तीन वर्षांत नाट्यगृहाच्या देखभालीसाठी तरतूद किती आणि खर्च किती, हे वेगवेगळं मागा. ३० दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर पहिलं अपील. बऱ्याचदा तरतूद असते पण खर्चच झालेला नसतो, मग तुमचं बोलणंच बदलतं, नवे पैसे द्या म्हणायच्या ऐवजी ठेवलेले वापरा म्हणता येतं.

आता वेळ, आणि इथेच बहुतेक संस्था चुकतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये बजेट मांडलं जातं तेव्हा धावपळ करून उपयोग नाही, विभागांच्या मागण्या त्याच्या आधीच गेलेल्या असतात. ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिनाच्या नटराज पूजनाला नगरसेवकांना बोलवा, तिथंच मेकअप रूम दाखवा, आणि त्याच आठवड्यात निवेदन आवक-जावकला द्या. पोच घ्या, शिक्का आणि आवक नंबर बघून घ्या. नुसतं साहेबांच्या हातात दिलेलं निवेदन म्हणजे न दिलेलं निवेदन. नगरसेवक नसून सध्या सरकारने नेमलेले प्रशासक असतील तर थेट आयुक्त किंवा मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने द्या.

"आधी रस्ते-पाणी, मग नाटक" हे ऐकावं लागेलच. रस्त्यांशी भांडू नका, रस्ते आपल्यालाही हवेत. शांतपणे सांगा की ७४व्या घटनादुरुस्तीने जी बारावी अनुसूची आली त्यात नगरपालिकांसाठी १८ विषय आहेत, रस्ते-पाणी आहेत तसाच १३ वा विषय सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींना चालना देणं हा आहे. म्हणजे हे पालिकेचंच काम आहे. ही ओळ निवेदनात लिहाच.

आणि एकटे जाऊ नका प्लीज. फक्त नाटकवाले गेले की "तुमचा छंद आहे" म्हणून बोळवण होते. भजनी मंडळ, भरतनाट्यमच्या क्लासच्या बाई, शाहीर, ज्यांचं गॅदरिंग तिथे होतं त्या शाळांचे मुख्याध्यापक, सगळ्यांच्या सह्या घ्या, आणि वर्षभरात तुमच्या सगळ्यांचे मिळून किती कार्यक्रम झाले, साधारण किती माणसं आली तेही लिहा.

तरतूद झाली की पेढे वाटायची घाई नको, वर्षाच्या मध्यात तोच निधी दुसऱ्या कामाला वर्ग होऊ शकतो. दर महिन्याला एकाने जाऊन इस्टिमेट झालं का, टेंडर निघालं का एवढं विचारायचं. आमच्यात हे काम एक रिटायर्ड सर करतात, डबा घेऊन जातात आणि बसतात, त्यांच्याइतकं काम आमच्या कुठल्याच निवेदनाने केलं नाही.

पैसे नाहीतच असं उत्तर आलं तर तालमीची जागा मागा. पालिकेच्या शाळेचा हॉल संध्याकाळी ७ ते १०, लाईटबिल आम्ही भरू, झाडून आम्ही देऊ, असं लेखी द्या.