पहिलं सेमिस्टर सांभाळा: मुंबईतल्या कॉलेजांनी गळती कशी थांबवावी आणि नोकरीची वाट कशी आखावी

निकालाच्या दिवशी नोटीस बोर्डावर लागणारा टक्का फसवा असतो. समजा, एफवाय बीकॉमला १२० जणांनी प्रवेश घेतला, पहिल्या सेमिस्टरच्या परीक्षेला ९६ बसले आणि त्यातले ६० सगळ्या विषयांत सुटले. कॉलेज निकाल सांगणार ६२.५ टक्के. प्रवेशाच्या हिशेबाने तो ५० टक्केच आहे, आणि परीक्षेला न आलेल्या २४ जणांची विचारपूस कुणी करत नाही.

अमेरिकेत ज्या थरातली मुलं दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात जातात, ती मुंबईत अनुदानित पदवी कॉलेजांत, रात्र कॉलेजांत आणि बी.व्होक. या व्यवसाय-पदवीच्या वर्गांत भेटतात. घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेली, दुपारनंतर कुठेतरी काउंटरवर किंवा गोडाऊनमध्ये उभी राहणारी, बदलापूर-विरारहून येणारी. या मुलांसाठी काय करता येतं, ते इथे कामाच्या क्रमाने मांडलं आहे.

आधी रजिस्टर उघडा

तीन वर्षांपूर्वीच्या एफवायच्या एका तुकडीची यादी घ्या आणि प्रत्येक नावापुढे लिहा: पहिली परीक्षा दिली का, दुसरी दिली का, किती केटी (सुटायचे राहिलेले पेपर) घेऊन एसवायला गेला, टीवायला पोचला का, पदवी मिळाली का. सोबत राहण्याचं स्टेशन, बारावीचं माध्यम, नोकरी असल्यास तिची वेळ आणि फीची सवलत. १२० नावांना दोन माणसांचे दोन दिवस लागतात. एक्सेलची साधी शीट पुरते. सॉफ्टवेअर विकायला येणाऱ्यांना तूर्त चहा पाजून परत पाठवा.

ही शीट भरली की बहुतेक ठिकाणी दोन गोष्टी वर येतात. मोठी गळती टीवायला नसून पहिल्या दोन सेमिस्टरमध्ये असते. आणि केटींचा मोठा भार एखाद-दुसऱ्या पेपरवर असतो: कॉमर्सला गणित-संख्याशास्त्र, आयटीला गणित आणि प्रोग्रामिंग, आर्ट्सला इंग्रजी. म्हणजे सगळीकडे थोडंथोडं करण्याची गरज नाही. तो एक पेपर आणि ते पहिलं सेमिस्टर, यांवरच जोर लावायचा.

वेळापत्रक लोकलच्या आणि शिफ्टच्या हिशेबाने

काम करणाऱ्या मुलाला वेळापत्रकात दोन गोष्टी लागतात: सलगपणा आणि स्थिरता. मध्ये दीड तासाची पोकळी ठेवून दोन लेक्चर दुपारी घेतली, की ती दोन लेक्चर तो कायमची सोडतो. चार-पाच लेक्चर सलग घ्या, मध्ये वीस मिनिटांची एक सुट्टी ठेवा. प्रॅक्टिकल दोनच वारी बांधा. सगळ्यात अवघड विषय सकाळी सातच्या पहिल्या लेक्चरला लावू नका. जुलैत गाड्या उशिरा धावतात तेव्हा नेमका तोच बुडतो. दुसऱ्या किंवा तिसऱ्या तासाला ठेवा.

वेळापत्रक प्रवेश बंद होण्याआधी जाहीर करा आणि दोन्ही सेमिस्टरला तेच राहू द्या. डिसेंबरमध्ये ते बदललं, की दुपारची शिफ्ट ठरवून बसलेल्या मुलापुढे दोनच वाटा उरतात: नोकरी सोडायची किंवा ७५ टक्के हजेरी सोडायची. घरभाडं हजेरीवर चालत नाही, तो काय निवडणार हे उघड आहे. जादा तास रविवारी तर ठेवूच नका. त्या दिवशी लोकलचा मेगाब्लॉक असतो.

पैशांची अडचण कागदातच सुटते

महाडीबीटीवरचे, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचे, अर्ज बरेचदा क्षुल्लक कारणांनी अडकतात आणि ही कारणं ऑगस्टमध्येच हेरता येतात. आधार बँक खात्याशी जोडलेलं नसतं, किंवा दुसऱ्याच खात्याशी जोडलेलं असतं. खातं लहानपणी उघडलेलं असतं आणि अठरा पूर्ण झाल्यावर केवायसी झालेलं नसतं, म्हणून आलेली रक्कम परत जाते. आधारवरचं नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव जुळत नाही. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपलेली असते. शिक्षणात खंड पडलेला असतो आणि त्याचा कागद जोडलेला नसतो. आणि सगळं ठीक असूनही अर्ज कॉलेजच्याच लॉगिनमध्ये पुढे ढकलला न जाता पडून राहतो. हे शेवटचं कारण तर पूर्णपणे आपल्या हातातलं आहे: दर शुक्रवारी कारकुनाने आणि प्राचार्यांनी आपापल्या लॉगिनमधली प्रलंबित संख्या शून्यावर आणायची.

प्रवेशानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात तीन दिवस एक टेबल मांडा. एक कारकून, टीवायची दोन मुलं, एक स्कॅनर. प्रत्येक मुलाला पाच कागदांची चिठ्ठी द्या आणि कोणती योजना लागू पडते ते तिथेच खूण करून सांगा. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा ८ लाख आहे, हे माहीत नसल्यामुळे "आपण त्यात बसत नाही" असं गृहीत धरून कितीतरी जण अर्जच करत नाहीत.

शिष्यवृत्ती उशिरा येते, फी आधी भरावी लागते. म्हणून फीचे तीन-चार हप्ते लेखी ठरवून द्या आणि थकबाकीसाठी हॉलतिकीट अडवू नका. अडवलेल्या हॉलतिकिटातून फी क्वचितच वसूल होते, मुलगा मात्र जातो. माजी विद्यार्थ्यांकडून ५० हजारांचा एक छोटा निधी उभा करा. मदत ५०० ते ३००० रुपये, अर्ज अर्ध्या पानाचा, दोन शिक्षकांच्या सह्या, निर्णय ४८ तासांत. समितीची बैठक बोलावावी लागणार असेल तर तो निधी असून नसल्यासारखा.

पासचा फॉर्म आणि मेंटर

न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये आपल्या कम्युनिटी कॉलेजांत 'एसॅप' नावाचा कार्यक्रम सुरू केला. फीची उरलेली तूट भरायची, पुस्तकांचा खर्च द्यायचा, भुयारी रेल्वे-बसचा पास द्यायचा आणि प्रत्येक मुलामागे एक ठरलेला सल्लागार नेमायचा. त्या बदल्यात मुलाने पूर्णवेळ शिकायचं आणि सल्लागाराला नियमित भेटायचं. एमडीआरसी या संशोधन संस्थेने चिठ्ठ्या टाकून पाडलेल्या दोन गटांची तुलना २०१५ मध्ये प्रसिद्ध केली. तीन वर्षांत पदवी मिळवणाऱ्यांचं प्रमाण कार्यक्रमातल्या मुलांत ४० टक्के होतं, बाकीच्यांत २२. नंतर ओहायोतल्या कॉलेजांतही असाच फरक दिसला. यातला कुठलाही एक तुकडा जादूचा नव्हता. सगळे एकत्र आणि सतत दिले गेले.

यातला पास आपल्याला आयताच मिळाला आहे. लोकलच्या विद्यार्थी सवलतीचा फॉर्म मुलाला कॉलेजमधूनच घ्यावा लागतो. तो ऑफिसच्या खिडकीऐवजी मेंटरच्या, म्हणजे त्या मुलामागे नेमलेल्या शिक्षकाच्या, टेबलावर द्या. पास संपला की मुलगा येतो आणि वर्षातून काही वेळा पाच मिनिटांची भेट आपोआप घडते. मात्र फॉर्म अडवून धरण्याचं हत्यार करू नका. सवलत हा त्याचा हक्क आहे. भेट हे फक्त निमित्त.

एका मेंटरकडे २५ ते ३० मुलं, त्याहून जास्त नको. शंभर मुलांचा मेंटर म्हणजे व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन. एफवायचे मेंटर एफवायला शिकवणारेच असावेत, आणि या कामाचा आठवड्याला एक तास त्यांच्या कार्यभारात धरावा. तो धरला नाही तर दिवाळीनंतर योजना कागदावरच उरते.

तिसरा आणि सहावा आठवडा

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी हजेरी बघा. ६० टक्क्यांच्या खाली असलेल्या प्रत्येकाला मेंटरने स्वतः फोन करायचा. "का येत नाहीस?" हा प्रश्न टाळा, त्याला उत्तर म्हणून बहाणाच मिळतो. "कामाची वेळ काय आहे? गाडी कुठली पकडतोस? कुठला विषय जड जातोय?" असं विचारलं की खरं कारण कळतं. शीटवर तीन रकाने पुरे: कारण, काय ठरलं, पुन्हा फोन कधी.

चौथ्या आठवड्यात अवघड विषयाची २० गुणांची चाचणी घ्या आणि पेपर सात दिवसांत तपासून हातात द्या. उशिरा मिळालेल्या पेपराचा कुणालाच उपयोग नाही. सहाव्या आठवड्यात हजेरी आणि चाचणी दोन्ही एकत्र बघून यादी करा. साधारण एक चतुर्थांश वर्ग त्यात येईल असं धरून चाला.

या मुलांसाठी ब्रिज कोर्स (पूर्वतयारीचा वर्ग) आधी आणि मूळ विषय नंतर, अशी रचना करू नका. अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांनी ती वर्षानुवर्षं केली आणि मूळ विषयापर्यंत पोचण्याआधीच मुलं गळत राहिली. कॅलिफोर्नियाने २०१७ च्या कायद्याने अशा सक्तीच्या पूर्वतयारी वर्गांना लगाम घातला. मूळ विषय सगळ्यांबरोबर चालू ठेवा, त्याला जोडून आठवड्याला दोन आधार-तास द्या. गट २० चा. पुढच्या आठवड्यात वर्गात जे शिकवलं जाणार आहे त्याला लागणारं गणित या आठवड्यात: सरासरी काढायच्या आधी अपूर्णांक, व्याजाच्या आधी शेकडेवारी. शिकवायला टीवायची हुशार मुलं घ्या, 'कमवा व शिका' योजनेतून मानधन द्या.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी वेगळं एक काम करा. अकाउंटिंग आणि अर्थशास्त्रातल्या दीडशे इंग्रजी संज्ञांची मराठी अर्थासकट चार पानी यादी पहिल्याच आठवड्यात द्या. अडचण बरेचदा शब्दांची असते, अकलेची नाही.

नोकरीची वाट उलटीकडून आखा

टीवायच्या जानेवारीत प्लेसमेंट सेल जागा होतो, शाल-श्रीफळ देऊन कुणाचं तरी प्रेरणादायी भाषण होतं आणि हजेरीपटावर शंभर सह्या येतात. त्याने नोकऱ्या लागत नाहीत.

कॉलेजपासून तासाभराच्या लोकल प्रवासात मिळणाऱ्या तीन-चार नोकऱ्या निवडा. प्रत्येकीच्या ३० जाहिराती वाचा आणि कोणती मागणी किती वेळा आली त्याच्या काड्या मांडा. अकाउंट्स असिस्टंटसाठी टॅली, एक्सेल, जीएसटी आणि टीडीएस ही नावं पुन्हा पुन्हा येतात. मग शिकवताना महिन्याचं खरं चक्रच शिकवा: ७ तारखेपर्यंत टीडीएसचा भरणा, ११ ला जीएसटीआर-१ आणि २० ला जीएसटीआर-३बी ही जीएसटीची विवरणपत्रं. नमुना बिलांचा एक गठ्ठा देऊन तीन महिन्यांची चक्रं मुलाकडून पुरी करून घ्या. न्हावाशेवा आणि भिवंडीच्या बाजूला जाणाऱ्यांसाठी ई-वे बिल, शिपिंग बिल, गोडाऊनचा स्टॉक. बीएस्सीच्या मुलांना तळोजा किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यात प्रयोगशाळेत जायचं असेल तर टायट्रेशनइतकंच खाडाखोड न करता नोंदवही लिहिणं महत्त्वाचं. चूक झाली तर एक रेघ मारून सही-तारीख. आर्ट्सवाल्यांपैकी लिपिक-टंकलेखकाच्या परीक्षेला बसणाऱ्यांना मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट टायपिंगचं प्रमाणपत्र लागतं, ते एसवाय संपण्याआधी हातात असावं.

नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत व्यवसाय-कौशल्य आणि कौशल्य-वृद्धी या विषयांचे जे श्रेयांक (क्रेडिट) आहेत ते याच कामी लावा. विकता येईल असं पहिलं कौशल्य पहिल्याच वर्षात द्या. मुलाला मध्येच सोडावं लागलं तर तेवढी शिदोरी तरी असते. ४० ते ४४ श्रेयांक आणि वर ४ श्रेयांकांचं कौशल्याचं काम पूर्ण असेल तर पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं, आणि तीन वर्षांच्या आत परत येता येतं. हे सोडून जाणाऱ्याला कुणीतरी समोर बसवून सांगायला हवं. त्याचं अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं, म्हणजे श्रेयांक ऑनलाइन जमा होतात ते, खातं उघडलेलं आहे आणि त्यात श्रेयांक चढले आहेत, हे त्याच्यासमोर मोबाइलवर तपासा. नाव जुळत नसल्याची भानगड इथेही निघतेच.

ऑन जॉब ट्रेनिंगचे १२० तास

ऑन जॉब ट्रेनिंग (ओजेटी) म्हणजे अभ्यासक्रमाचाच भाग म्हणून बाहेर जाऊन केलेलं प्रत्यक्ष काम: चार श्रेयांक, प्रत्येकी ३० तास. इथे तीन ठिकाणी घोळ होतो. पहिला, सगळी मुलं एकदम मार्चमध्ये बाहेर पाठवली जातात, तेव्हा वर्षअखेरीच्या गडबडीत कुणालाही शिकवायला सवड नसते. सीए ऑफिसांना हात हवे असतात ते विवरणपत्रांच्या हंगामात, जून-जुलैमध्ये. एसवाय संपल्यावरच्या सुट्टीत सुरुवात करता येते का ते विद्यापीठाच्या नियमांत बघून आधीच ठरवा. दुसरा, विकत मिळणारी प्रमाणपत्रं. यावर उपाय म्हणजे रोजच्या कामाची दोन ओळींची नोंद, मधल्या काळात मेंटरचा एक फोन आणि एक अचानक भेट, आणि शेवटी दहा मिनिटांची तोंडी परीक्षा. तिसरा, कंपनीला पाठवलेलं गुळमुळीत पत्र. पत्र एका पानाचं असावं: मुलाला काय येतं, कोणती तीन कामं द्यावीत, दिवसाचे तास, देखरेख कोण करणार, प्रवासखर्च मिळणार का.

पदवीनंतर वर्षभराची ॲप्रेंटिसशिप हा इथला सगळ्यात दुर्लक्षित दरवाजा आहे. नॅट्स या केंद्राच्या ॲप्रेंटिसशिप योजनेत किमान विद्यावेतनाचा निम्मा भार केंद्र सरकार उचलतं, आणि या भागाचं काम पाहणारं मंडळ मुंबईतच आहे. लहान कंपन्यांना हे माहीत नसतं. टीवायच्या प्रत्येक मुलाची पोर्टलवरची नोंदणी फेब्रुवारीत वर्गातच करून घ्या आणि ओजेटी दिलेल्या कंपन्यांना त्याच यादीसह पुन्हा पत्र पाठवा.

पदवीनंतर सहा महिन्यांनी, डिसेंबर-जानेवारीत, प्रत्येकाला एक फोन. काय काम करतोस, हातात किती पडतात, प्रवास किती, आणि कॉलेजात काय शिकायचं राहिलं. फोन एफवायच्या मुलांकडून करून घ्या. उत्तरं शीटमध्ये जातात, आणि पुढची वाट कशी असते ते फोन करणाऱ्याच्याही कानावर पडतं.