फ्री डिशची छत्री खानापूर-बेळगावात कशी लावायची

डीडी फ्री डिश ९३.५ अंश पूर्वेवरच्या जीसॅट-१५ वरून येते. बेळगावातून हा उपग्रह आग्नेयेला, किंचित पूर्वेकडे सरकून दिसतो: दिशा उत्तरेपासून साधारण १२८ अंश, उंची क्षितिजापासून ६१ अंश. मोबाईलचा कंपास लोखंडी पत्रा किंवा पाईपजवळ धरू नका, हमखास चुकतो. डिशपेक्षा १८ फूट उंच फणस त्या बाजूला असेल, तर तो १० फुटांहून बराच लांब हवा.

खांब ओळंब्यात उभा करा; तो कलला की स्टँडवरच्या उंचीच्या खुणा खोट्या. जांभ्या दगडात फास्टनर सैल होतो, म्हणून भोक सिमेंटने भरून घ्या किंवा स्लॅबवरच बसवा. ऑफसेट डिश (जिचा सिग्नल पकडणारा भाग मधोमध नसून खालच्या बाजूला असतो) दिसते त्यापेक्षा बरीच वर बघते, तेव्हा ती उभट वाटली म्हणून घाबरू नका.

सेटटॉप बॉक्समध्ये फ्रिक्वेन्सी ११०९०, पोलरायझेशन व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५०० टाका. स्क्रीनवरच्या स्ट्रेंग्थच्या पट्टीकडे दुर्लक्ष करा, नुसत्या एलएनबीनेही (डिशसमोरच्या दांड्यावरचा सिग्नल पकडणारा भाग) ती भरलेली दिसते. बघायची ती क्वालिटी. डिश बोटभर सरकवायची, दोन-तीन सेकंद थांबायचं, मग पुढे. क्वालिटी आली की एलएनबी हळूहळू फिरवून ती वाढवा, आणि नट आलटून पालटून आवळा. एकच बाजू आधी आवळली तर डिश हलते.

जांबोटीकडच्या धो धो पावसात चित्र थोडा वेळ जाणारच. पाऊस थांबल्यावरही आलं नाही, तर बहुतेक वेळा एलएनबीजवळच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरलेलं असतं. तिथे केबलला खाली झोळ ठेवा.