आधी व्हॅक्यूमची नळी बघा, मग डिस्ट्रिब्युटर फिरवा

आयटीआय करून साताऱ्यातल्या गॅरेजात येणारी पोरं स्कॅनर झटकन शिकतात. पण पेट्रोलची जुनी अ‍ॅम्बॅसिडर आत आली आणि मालक म्हणाला, "दादा, ओढत नाही हो," की पहिला हात जातो तो डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे प्लगांना पाळीपाळीने स्पार्क वाटणाऱ्या भागाच्या, क्लॅम्प बोल्टला. डिस्ट्रिब्युटर जरा फिरवला, स्पार्क लवकर पडू लागला, पिकअप बरा वाटला, बोल्ट आवळला. मग यवतेश्वरच्या चढाला गाडी खडखडते आणि नॉकिंगची (स्पार्क फार लवकर पडून इंजिन ठोकल्याची) तक्रार घेऊन मालक परत दारात.

बोल्ट ढिला करण्याआधी डिस्ट्रिब्युटरला चिकटलेली चपटी डबी बघा. तिच्यातून निघालेली बारीक नळी कुठे जाते, ते बोटाने माग काढत जा.

स्पार्क लवकर पाडणाऱ्या यंत्रणा दोन. इंजिनाचे फेरे (आरपीएम) वाढले की डिस्ट्रिब्युटरच्या आतली वजनं बाहेर फाकतात. ती फक्त वेग ओळखतात. इंजिनवरचा लोड ओळखतो तो डबीतला पडदा; नळीतून येणारी व्हॅक्यूमची ओढ त्याला खेचते. सपाट रस्त्याला पाय हलका असतो, सिलिंडरमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण थोडं भरतं आणि सावकाश जळतं, म्हणून स्पार्क आणखी लवकर हवा. चढाला पाय पूर्ण दाबला की मॅनिफोल्डमधला (सिलिंडरकडे मिश्रण नेणाऱ्या नळकांड्यातला) व्हॅक्यूम पडतो, पडदा सैल होतो, अ‍ॅडव्हान्स, म्हणजे स्पार्कचं लवकर पडणं, उतरतो. नळी चिरलेली असली तरी गाडी चालतेच, फक्त पेट्रोल जास्त पिते. त्यामुळे वर्षानुवर्षं कुणाचं लक्ष जात नाही.

नळी कार्बोरेटरवर थ्रॉटलच्या पातीच्या (पाय दाबला की उघडणाऱ्या झडपेच्या) किंचित वर जोडलेली असेल, तर आयडलला, म्हणजे पाय न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, तिथे ओढ जवळपास नसते. थेट मॅनिफोल्डला असेल तर आयडललाच पूर्ण ओढ. यातलं बरं कुठलं, यावर गॅरेजात कितीही वाद घाला. मी म्हणेन, कंपनीने जिथे दिली तिथेच लावा. वजनांच्या स्प्रिंगा आणि पडदा त्या हिशोबानेच जुळवलेले असतात.

पडदा तपासायला व्हॅक्यूम पंप नसला तरी चालतं. डिस्ट्रिब्युटरची कॅप काढा, नळी कार्बोरेटरकडून सोडवा, टोक पुसून तोंडाने ओढा आणि जिभेने बंद धरा. पॉइंटची (उघडला की स्पार्क पाडणाऱ्या संपर्काची) प्लेट सरकून तिथेच थांबली पाहिजे. मागे आली तर कुठेतरी हवा खाते, नळी नाहीतर पडदा. प्लेटसोबत अर्थची बारीक वायरही हलत असते. ती आवरणाच्या आत तुटते, वरून धड दिसते, आणि गाडी पाय दाबता-सोडताना मिस मारते. अशा वेळी लोक कॉइल, कंडेन्सर, प्लग सगळं बदलून बसतात.

आता टायमिंग, म्हणजे स्पार्क नेमका कधी पडतो ते. आधी पॉइंटचा गॅप, साधारण ०.४ मिलिमीटर, कारण गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतो आणि टायमिंग आपोआप पुढे जातं. टायमिंग लाइट (स्पार्कबरोबर चमकून टायमिंग दाखवणारा दिवा) लावताना नळी काढून तिचं तोंड स्क्रूने बंद करा. अ‍ॅम्बॅसिडरच्या १४८९ सीसी इंजिनात रोटर घड्याळाच्या उलटा फिरतो, म्हणजे बॉडी घड्याळाच्या दिशेने फिरवली की अ‍ॅडव्हान्स. आणि नुसत्या आयडलला ऐकून बोल्ट आवळू नका; चढाला टॉप गिअरमध्ये पाय दाबून बघा.

व्हॅक्यूम गेज लावलात तर पुस्तकातले १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) समुद्रसपाटीचे असतात. हजार फुटांमागे साधारण एक इंच कमी. सातारा जवळपास २४०० फुटांवर आहे, तेव्हा काटा १६ वर स्थिर दिसला म्हणून हेड खोलायला घेऊ नका.