सीओपीडी बळावल्यावरची चिनी औषधं: तुलना करताना या चुका टाळा

सीओपीडी (श्वासमार्ग अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) अचानक बळावला की चीनमध्ये नेहमीच्या उपचारांना पारंपरिक औषधांची जोड देतात. कोणाला काढा, कोणाला शिरेतून तानरेछिंगसारखं इंजेक्शन. यातलं सरस कोणतं, हे ठरवणारे आढावे मी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतो आणि दरवर्षी त्याच चुका तपासतो.

सगळ्यात घातक चूक क्रमवारीची. नेटवर्क मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये (अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून बरेच उपचार एकमेकांशी तोलण्याची पद्धत) प्रत्येक उपचाराला ० ते १०० मधला 'सुक्रा' आकडा मिळतो. ज्याचा आकडा मोठा ते औषध श्रेष्ठ, असं धरून लोक निष्कर्ष लिहायला बसतात. पण ते औषध इतरांच्या किती पुढे आहे आणि पुरावा किती भक्कम आहे, हे त्या आकड्यातून कळतच नाही.

आमच्या पहिल्या आढाव्यात एक काढा पहिला आला. मी अभिमानाने तो तक्ता विभागाच्या बैठकीत दाखवला. छातीरोगतज्ज्ञ मॅडमनी एवढंच विचारलं, "यातले बायपॅपवर किती होते?" बायपॅप म्हणजे मास्कमधून श्वासाला आधार देणारं यंत्र. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मूळ लेख पुन्हा काढले. काढ्याचा अभ्यास एकच, पेशंट ६०, सगळे साध्या वॉर्डातले. इंजेक्शनांच्या अभ्यासांत मात्र श्वसन निकामी झालेले बरेच होते. हलक्या आजारात दिसलेला फायदा आम्ही गंभीर पेशंटांच्या शेजारी मांडून तोलला होता. तीन महिने सगळी माहिती नव्याने भरली आणि काढ्याचा पहिला नंबर गेला.

तेव्हापासून सुक्राचा तक्ता मी सगळ्यात शेवटी उघडतो. आधी मोठ्या कागदावर हाताने लिहितो: वय, एफईव्ही-१ (जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा), रक्तातला कार्बन डायऑक्साइड, वॉर्ड की आयसीयू. सॉफ्टवेअर दहा मिनिटांत जाळं काढून देतं, म्हणून नवशिक्यांना या कागदाचा कंटाळा येतो. माझ्याकडे त्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.

दुसरी चूक 'एकूण परिणामकारकता दर' जसाच्या तसा उचलण्याची. बऱ्याच चिनी अभ्यासांत 'बरा', 'ठळक सुधारणा' आणि 'सुधारणा' या तिन्ही पायऱ्या एकत्र करून टक्का काढतात. खोकला जरासा कमी झालेला आणि ठणठणीत झालेला, दोघं एकाच टोपलीत. मी मृत्यू, व्हेंटिलेटर, रुग्णालयातले दिवस आणि पुन्हा भरती एवढंच आधी बघतो.

'रँडमाइज्ड', म्हणजे कोणाला कोणता उपचार ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं, या शब्दावर विसंबू नका. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत चिनी नियतकालिकांतल्या २,२३५ अभ्यासांच्या लेखकांना फोन करून पद्धत विचारली. नियमानुसार रँडमायझेशन झालेले निघाले २०७.

'सोबत' आणि 'ऐवजी' यांची गल्लत नको. बहुतेक अभ्यासांत चिनी औषध नेब्युलायझर, स्टेरॉइड, अँटिबायोटिक यांच्या जोडीला दिलेलं असतं. त्यावरून कोणी घरच्या पेशंटचं स्टेरॉइड बंद केलं, तर जिवावर बेतेल.

काढा आणि इंजेक्शन एका गटात टाकू नका.

दुष्परिणामांचा रकाना कोरा असेल तर तिथे शून्य भरू नका. यूशिंगत्साव या वनस्पतीच्या इंजेक्शनांचा वापर गंभीर प्रतिक्रियांमुळे चीननेच २००६ मध्ये थांबवला होता. काढ्यांतही जपावं लागतं: माहुआंग या वनस्पतीत इफेड्रिन असतं, ते छातीची धडधड वाढवतं. ज्येष्ठमध रक्तातलं पोटॅशियम उतरवतं, आणि स्टेरॉइड व साल्ब्युटामॉल (श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध) हेही तेच करतात. म्हणून काढ्यात ज्येष्ठमध दिसलं की त्या अभ्यासात पोटॅशियम मोजलं होतं का, हे मी पहिल्यांदा शोधतो.